हिच्या साडीचा पंख

रवि., २८ सप्टें.
नीलेशचा फोन नाही. इंग्लंडात आता दुपार. त्याच्या घरापासून तासाभरावर त्या जुन्या विमान कंपनीची शेड आहे. रिटायर झाल्यापासून मी तिचाच इतिहास लिहितोय. एक सुतार नि त्याचा मेव्हणा, खुर्च्या करता करता विमानं करायला लागले. त्याच्याकडे शेडचा फोटो मागितलाय. "बघतो, बाबा." उन्हाळ्यापासून बघतोय.

मंगळ., ३० सप्टें.
त्या कंपनीत पंखांवर कापड बायका शिवायच्या. वरून डोप, म्हणजे कापड आवळणारं लॅकर. नुसतं लिहून समाधान होईना. पट्ट्या ठोकून हातभर पंख केला. ही असती तर हिनेच शिवला असता. हिचीच सुती साडी कापली. हात धजत नव्हता. खालच्या मोरेवहिनी, "भाऊ, एवढ्या चांगल्या साडीचं काय करताय?" म्हटलं, विमान. हसल्या नाहीत. चहा दिला.

गुरु., २ ऑक्टो. दसरा
ओझरच्या विमान कारखान्यात, जिथे माझी नोकरी झाली, आज पत्रे जोडायच्या रिव्हेट गनलाही झेंडू. घरी पाटावर माझा हातोडा, हिची कात्री, पंख. काल डोप दिलं होतं, सकाळी बघतो तर पंख पिळवटलेला. हात पत्र्याचा, जन्मभर ताणून बसवायची सवय. कापड आधी जरा सैल ठेवायचं, मग ते आपलं आपण आवळतं. हे मीच पानभर लिहिलंय. गाढवपणा. एकटाच हसलो, मग रडू आलं. साडी हिची होती.
नीलेशला मेसेज: शेडकडे कधी जातोस? वाचला. उत्तर नाही.

रवि., ५ ऑक्टो.
शेवटी मीच फोन लावला. "बाबा, दर वेळी शेड, शेड. मी कसा आहे म्हणून कधी फोन करता का?"
फोन ठेवला. शेड हे निमित्त होतं रे. नुसतं 'फोन कर' म्हणायला लाज वाटते, तेवढंच. हे त्याला सांगायचं सोडून वहीत लिहितोय.

बुध., ८ ऑक्टो.
लिखाण नाही. खिचडी उरली.

रवि., १२ ऑक्टो.
उरलेल्या पदराचा दुसरा पंख. कापड सैल ठेवलं. डोप देऊन गॅलरीत ठेवलाय, घरभर वास.
नीलेशला लिहिलं: "शेड राहू दे. जेवलास का?" अजून वाचलेलं नाही. रविवारचा उशिरा उठत असेल.
आवळतंय का ते सारखं चाचपून बघावंसं वाटतं. हात लावला नाही.