नव्या जीपमध्ये कानबाई मावेना

जळगाव,
आषाढ वद्य अष्टमी

ती. झुलालनाना यांस,

तुमच्या धाकट्या कोकिळेचा, गुडघे जेवढे वाकतात तेवढा वाकून नमस्कार. सुंदरवहिनींनाही सांगावा. तुमचा खोकला गेला का? अडुळशाचा काढा पाठवला होता तो प्यायलात की गोठ्यात ओतलात, ते खरं कळवा. सोनगीरला पाऊस कसा आहे, कपाशी निंदून झाली का, गाय व्याली का, सगळं सविस्तर लिहा. आमच्याकडे देवाच्या कृपेने सगळे बरे आहेत. सासूबाईंना त्र्याऐंशीवं लागलं. ऐकू येत नाही असं त्या म्हणतात, पण दुसऱ्या खोलीतलं ऐकतात.

पत्र का लिहिलं म्हणाल. फोन केला असता, पण तुमचा फोन वहिनी उचलतात आणि आमच्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे सासूबाईंच्या समोर बोलायचं. पत्राचं बरं असतं. वाचणारा एकटा असतो. तुम्हीही हे एकट्यानेच वाचा, निदान शेवटचं पान.

तर विषय गाडीचा आहे. आखाजीच्या सणाला तुम्ही मला माहेरी न्यायला आलात आणि जाताना आमची जुनी जीपही घेऊन गेलात. त्यात माझाच हट्ट होता हे मी कबूल करते. अकरा वर्षं मी ती जीप विका म्हणून ह्यांच्या मागे लागले होते. पावसात ताडपत्री गळायची, उन्हात पत्रा पोळायचा, आणि सुरू करताना शेजारची लेकरं उठायची. ह्यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान, म्हणून खेड्यापाड्यात जायला जीप लागते हे मला मान्य होतं. पण ती जीप महिन्यातले दहा दिवस गॅरेजातच असायची आणि उरलेले वीस दिवस गॅरेजात जायच्या तयारीत. सासूबाई मात्र त्या दिवशी जेवल्या नाहीत. जीप ऱ्हाऊ द्या, एवढंच म्हणत होत्या. मामंजींची आठवण असेल, असं आम्हाला वाटलं.

मग स्वप्नीलने पुण्याहून सुचवलं की बाबा, तीच जीप आता नव्या रूपात आली आहे. हे लगेच भाळले. शोरूममध्ये ती पाहिली तेव्हा मलाही क्षणभर वाटलं की आपलीच जीप अभ्यंगस्नान करून उभी आहे. तेच गोल दिवे, तेच चौकोनी नाक, मागे तसंच टांगलेलं चाक. आतून मात्र सगळं निराळं. हल्ली शिवलेली नऊवारी मिळते ना, मागे चेन असलेली, तसा प्रकार आहे. लांबून आजी दिसते, जवळ गेलं की नात निघते. (ती नऊवारी मी आपल्या दीपमालाच्या लग्नात नेसले होते. चेन अडकली. तो प्रसंग इथे नको.)

गाडी चांगली आहे. उगाच नावं ठेवणार नाही. थंडगार हवा येते (मी बंद करायला लावते), खड्डा कळत नाही, आणि सासूबाईंच्या शिंका पूर्ण थांबल्या. जुन्या जीपमध्ये बसलं की त्या घरापासून गावापर्यंत शिंकायच्या. आम्ही म्हणायचो धूळ. ह्या गाडीत एक शिंक नाही. स्वप्नील म्हणतो हवा गाळून येते. सासूबाई त्यावर खूश होतील असं वाटलं होतं, पण आखाजीपासून त्यांचा स्वभाव जरा चिडचिडाच झाला आहे.

अडचण अशी की गाडी उंच आहे आणि दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवायची, एक पाय वर टाकायचा, डोकं आत घालायचं आणि उरलेलं शरीर देवावर सोपवायचं. ह्यावर मी उपाय काढला. बसायचा बाभळीचा जुना पाटला होता, त्याला सुतळी बांधली. त्यावर पाय देऊन चढायचं आणि शेवटी बसणाऱ्याने सुतळी ओढून पाटला आत घ्यायचा. एवढ्या किमतीच्या गाडीतून पाटला खाली सोडताना ह्यांना लाज वाटते. मला वाटत नाही. एकदा तो पाटला पेट्रोलपंपावर राहिला तर मी गाडी मागे वळवायला लावली, आणि तो तिथेच होता. त्यावर पंपावरचा माणूस बसला होता.

दुसरा प्रसंग भाजीबाजारातला. मी मागे बसले होते. मागे माणूस बसलं आहे हे विसरून हे कुलूप लावून गिलकी घ्यायला गेले. मागच्या काचा उघडत नाहीत. मी हात हलवला तर एका बाईने उलट नमस्कार केला. जरा पुढे सरकले तर गाडी बोंबलायला लागली. बाजार गोळा झाला. ह्यांनी सावकाश येऊन गाडी उघडली आणि मला विचारलं की तू उतरली का नाहीस. (गिलकी कडू निघाली.)

असो. हे सगळं मी सोसलं असतं. पण आता श्रावण तोंडावर आला आणि घरच्या देवीचा, कानबाईचा प्रश्न उभा राहिला.

तुम्हाला माहीतच आहे, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई यंदा सासूबाईंनी माझ्या हाती दिली आहे. एवढी वर्षं त्या करायच्या, मी हाताखाली. आता रोटांचे गहू मोजण्यापासून ते दुसऱ्या दिवशी नदीवर नेण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. आमच्या चुलत जाऊबाई, कुंदाबाई, त्यांना हे आवडलेलं नाही. काही चुकलं तर पुढच्या वर्षी कानबाई आमच्याकडे बसेल, असं त्या सगळ्या भाऊबंदांत सांगून आल्या आहेत, आणि ते त्या हसत सांगतात म्हणून जास्त बोचतं. कानबाई या उंबऱ्यावरून गेली तर मला सासूबाईंना तोंड दाखवता येणार नाही. एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी गाडीबद्दल माझी तक्रार नाही.

जुन्या जीपमध्ये काम सोपं होतं. ताडपत्री काढली की झालं. मधे पाटावर कानबाई, दोन्ही बाजूंच्या बाकांवर समोरासमोर सात-आठ बाया, सासूबाई देवीच्या पायाशी, आणि गाणी म्हणत थेट गिरणेच्या काठापर्यंत. नव्या गाडीचं छप्पर निघत नाही, बाक नाहीत, मागे दोन माणसं आणि एक पाटला एवढीच जागा. हे म्हणाले, काळजी करू नकोस, देवी पुढे बसेल मानाने. मी म्हटलं, आधी बघून घेऊ.

म्हणून गेल्या रविवारी रंगीत तालीम केली. पुढच्या सीटवर पाट, पाटावर गहू, गव्हावर पाण्याचा कलश, कलशावर नारळ. नारळ बाजारातून आणला. (तो का, ते पुढे सांगते.) कुंदाबाई दारात उभ्याच होत्या. त्यांनी लगेच विचारलं की घरचा नारळ असताना विकतचा कशाला. मी सांगितलं, तालमीला खरी देवी काढत नाहीत. सासूबाईंनी मात्र काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं.

गाडी सुरू केली आणि ती टुणटुण करायला लागली. पुढच्या माणसाने पट्टा लावला नाही, असं तिचं म्हणणं. पुढे माणूस नव्हतंच. शिवकॉलनी गेली तरी टुणटुण, महामार्ग लागला तरी टुणटुण. ह्यांनी गाडी कडेला घेऊन शोरूममधल्या मोनालीला फोन लावला. मुलगी गुणाची आहे, चोपड्याकडची आहे, तिच्या घरीही कानबाई बसते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, गाडीला देव आणि माणूस यांतलं काही कळत नाही. तिला वजन कळतं."

मग ह्यांनी देवीला पट्टा लावला. टुणटुण थांबली. खरं सांगायचं तर पट्ट्याचा उपयोगही झाला. बांभोरीच्या अलीकडे म्हैस आडवी आली, ह्यांनी ब्रेक मारला, पाट जागचा हलला नाही, नारळ हलला नाही. मागे पट्टा नसलेली मी तेवढी पुढे आले आणि पाटला माझ्या नडगीवर आला. अजून काळंनिळं आहे. नदीच्या वाळूत गाडी गेली तशी बाहेर आली, हे मात्र कौतुकाने सांगते. जुन्या जीपला तिथे दर वर्षी ट्रॅक्टर लागायचा.

घरी येऊन सासूबाईंना पट्ट्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कानबाईले बांधीसन नेतस का कोनी? ती काय पयी जाई का?" देवी पळून जात नाही, हे खरंच आहे. कुंदाबाईंनी तोडगा सुचवला की एखाद्या सवाष्णीने पुढे बसावं, पट्टा स्वतःला लावावा आणि देवी मांडीवर घ्यावी. ती सवाष्ण म्हणजे त्या स्वतः, हे त्यांनी सांगितलं नाही, पण पदर सावरला. आणि पुढे त्या बसल्या की सासूबाई कुठे? गुडघ्यांमुळे त्यांना मागे चढता येत नाही. म्हणजे साठ वर्षांत पहिल्यांदा कानबाई नदीवर जाणार आणि सासूबाई ओट्यावर बसून राहणार. त्या म्हणाल्या, मी घरी ऱ्हासू, मना काय. आणि पाठ करून बसल्या. ती पाठ मला बघवली नाही.

तेव्हा नाना, कानबाई नदीवर न्यायच्या सोमवारी तुम्ही जुनी जीप घेऊन आलात तर सगळं सुरळीत होईल. ताडपत्री काढूनच आणा. तिला मी अकरा वर्षं नावं ठेवली, ती सगळी परत घेते. वहिनींनाही आणा, प्रसादाचे रोट मात्र घरच्या माणसांनीच खायचे असतात, त्यांच्यासाठी वेगळी पुरणपोळी करीन. ह्यांना मी पत्राचं सांगितलेलं नाही. पण ते परवा नव्या गाडीत बसून मला म्हणाले, झुलालने जीपचं तेल बदललं असेल का गं. म्हणजे त्यांचाही विरोध होणार नाही.

थोरांना नमस्कार, लहानांना माया, गाईला चारा.

तुमची बहीण,
कोकिळा

ता. क. जीप सोमवारी न आणता नागपंचमीच्या आधीच आणा. कारण विचारू नका.

ता. क. २. विचारालच, म्हणून लिहिते. हे एकट्याने वाचा. जीपच्या मागच्या डाव्या बाकाखाली लोखंडी पेटी आहे, पाने-पकड ठेवायची. तीत लाल कापडात एक नारळ असेल. नाना, ती आमची कानबाई आहे. चार पिढ्यांचा नारळ. नदीवरून परत आणून देव्हाऱ्याखालच्या पेटाऱ्यात ठेवायचा आणि पुढच्या श्रावणापर्यंत उघडायचा नाही, अशी आमची रीत. गेल्या वर्षी परतताना मुसळधार पाऊस लागला, भिजू नये म्हणून मी तो पेटीत ठेवला, आणि घरी आल्यावर चाळीस माणसांची पानं वाढण्यात विसरले. आठ दिवसांपूर्वी नवं कापड शिवायला पेटारा उघडला तर रिकामा. म्हणून तालमीला विकतचा. आखाजीला मी त्याच बाकावर बसून सोनगीरला आले, म्हणजे देवी माझ्या खाली होती. याचं प्रायश्चित्त काय ते तिथल्या महाराजांना माझं नाव न सांगता विचारा. वहिनींच्या हाती नारळ लागला असेल तर फोडू देऊ नका, आत पाणी नाही. पूजा केली असेल तर करू दे, पण तुमची गाय नीट व्याली असली तर ती कोणाच्या कृपेने, एवढं त्यांना सांगा. कुंदाबाईंना कळलं तर माझं संपलं.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. म्हणाल्या, "झुलालले लिख, पेटीनं झाकन डावीकडथून ठोकनं पडस." माझ्या हातातली खळ सांडली. त्यांना सगळं ठाऊक आहे. नारळ मी त्यांच्यासमोरच ठेवला होता, आणि आठ दिवस मी पेटारा धुंडाळते आहे हेही त्या बघत होत्या. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्यांनी पदराने खळ पुसून घेतली. मग म्हणाल्या, "कसं सांगू? त्यामा मनी डबी बी शे."

पेटीत त्यांची डबीही आहे नाना, तपकिरीची. ह्यांच्या ऑपरेशनच्या वर्षी कानबाईच्या पायाशी हात ठेवून सासूबाईंनी तपकीर सोडली होती, त्याला नऊ वर्षं झाली. शिंकांचा उलगडा मला आज झाला.

तेव्हा झाकण डावीकडून ठोका. नारळ उजव्या हातात घ्या, डबी खिशात टाका, दोन्ही एकत्र आणू नका, वर्षभर एकत्र होती तेवढं पुरे. आणि डबीतली तपकीर जुनी झाली असेल, वास उडाला असेल. येताना पारोळ्याच्या बाजारात थांबून थोडी ताजी घ्या. पैसे मी देईन. माझ्या हिशेबाच्या वहीत तीस वर्षांत एकही खोटी ओळ नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ही मी कापूर म्हणून लिहीन.