रायफल दादाकडं, बोल्ट माझ्याकडं

हिंगोली, ३० ऑक्टोबर १९४८
अर्जाचा कच्चा खर्डा.
१. डोंगरकड्याच्या आमच्या घरी वडिलांची शिकारीची एक जुनी रायफल होती. वडील चार वर्षांपूर्वी वारले.
२. हत्यारं जमा करण्याचा हुकूम निघाल्यावर माझे भाऊ दत्तात्रय यांनी ११ ऑक्टोबरला ती कळमनुरीच्या कचेरीत नेऊन दिली.
३. रायफलीत बोल्ट नव्हता. काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा हा लोखंडी दांडा. त्याच्याशिवाय गोळी सुटत नाही.
४. बोल्ट लपवल्याच्या संशयावरून भावाला त्याच दिवशी अटकेत ठेवलं.
५. बोल्ट हिंगोलीला माझ्याकडे होता. तो घेऊन येण्याबद्दलचं भावाचं पत्र मला वेळेवर मिळालं नाही.

पाचवं कलम दोनदा वाचलं. अक्षर चांगलं आलंय. अर्ज पाठवला नाही.

३१ ऑक्टो.
बोल्ट ट्रंकेत आहे, तेलाच्या फडक्यात. आज काढून पुसला. गंजाचा ठिपका नाही.

मी नऊ वर्षांची होते. दादानं खेळता खेळता रायफल उडवली, गोळी गोठ्याच्या दारातून गव्हाणीत घुसली. बैल वाचला. आबा लेकावर ओरडले नाहीत. त्यांनी बोल्ट काढून माझ्या ओच्यात टाकला. "आजपासून रायफल दत्तूकडं, बोल्ट शांतेकडं. दोघं एक झाल्याबिगर बार न्हाई." ते स्वतःही शिकारीला निघताना माझ्याकडं हात पसरायचे. मी औषधं बनवायचं शिकायला हैदराबादला गेले तेव्हा बोल्ट मागून घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या होतं.

१ नोव्हें. अमावास्या
दवाखान्यात फटाक्यांनी भाजलेली तीन लेकरं. मलम कमी पडलं, पुन्हा तोलून केलं.

या दिवसांत ज्वारीची कणसं भरायची आणि डोंगरातून डुकरं उतरायची. पहाटे निघायचो. पुढं सटवा धनगर. वाकलेल्या गवतावरून तो जनावर किती वेळापूर्वी गेलं ते सांगायचा. मागं आबा, मी, दादा. पायात काटे, खिशात भाकरी. माझा पहिला नेम सत्तर पावलांवरून, काळवीट. दादा तेव्हा म्हणाला, "आता जनावरं उठवायच्या हाक्यात मला ढोलच वाजवायला ठिवा." आबा एवढे हसले की दुसरं जनावर पळालं.

ते परत येणार नाही. आबा नाहीत, रायफल कुठल्याशा ढिगात पडली असेल. आणि दादा

३ नोव्हें. भाऊबीज
कळमनुरीला गेले. निरांजन आत नेऊ दिलं नाही, काडेपेटी चालत नाही म्हणाले. नुसतं कुंकू लावलं. दादा वाळलाय. डाव्या पायावर सूज. बोटानं दाबून पाहिली, खळगा राहतो.

शिपाई चार हातांवर. दादा हळू बोलला.
"शांते, म्या सांगितलं बोल्ट ईरीत पडला. तू गप राह्य. तुही सरकारी नौकरी हाये."
"विहीर उपसतील."
"उपसू दे की. हरभऱ्याला फुकट पाणी."

बाहेर वहिनी लेकराला घेऊन उभी होती. मला म्हणाली, "वन्सं, तुमी शिकलेल्या. तुमाला काई म्हाईत असंल तर मला सांगू नका. तिथं सांगा."
मी हिंगोलीची वाट धरली.

७ नोव्हें.
बरोबर एक महिना. ७ ऑक्टोबरला दुपारी पत्र आलं. वाचलं, घडी घातली, औषधांच्या कपाटात ठेवलं. रजा मागितली असती तर मिळाली असती. मला बोल्ट द्यायचा नव्हता. रायफल जाऊ दे, एवढं तरी राहील, असा हिशेब केला. बोल्ट नसलेली रायफल कचेरीत गेली तर दादाला काय विचारतील, हे त्या हिशेबात धरलं नाही. हैदराबादला अशी चूक केली असती तर नापास झाले असते.

१० नोव्हें.
सटवा दवाखान्यात आला. आता म्हातारा झालाय. डोळ्यांत मोतीबिंदू, घोंगडी तीच.

"ताई, दोन दिस मोट चालून राहिली. ईर कोरडी केली. बोल्ट न्हाई."
"दुसरं काही?"
"लई सापडलं. दादाचा चाकू. बैलाची घंटी. आबाची शिट्टी बी."

लहानपणी घरात काही हरवलं की दादा म्हणायचा, ईरीत पडलं. आम्ही त्याला चिडवायचो. आबांनी शिट्टीसाठी त्याला मारलंही होतं. म्हणजे तो खरंच सांगत होता. आयुष्यात विहिरीबद्दल एकदाच खोटं बोलला, तेही माझ्यासाठी.

सटवा पुढं म्हणाला, "चोवीस तारखेला दादाला परभणीच्या तुरुंगात नेणार म्हणतेत. ताई, कुठं असंल तर मला द्या. ईरीत टाकतो, उद्या म्याच सापडवतो. आंधळ्यावर कोण शक घेतंय?"
"उद्या सांगते," म्हटलं.

११ नोव्हें.
महिनाभर पाण्यात राहिलेलं लोखंड असं तेलकट दिसत नाही. मिठाच्या पाण्यात ठेवला तर गंज चढेल. प्रमाण काढलं, चंचुपात्रात पाणी घेतलं, बोल्ट वर धरला. माझ्या हातात पंधरा वर्षं राहिलेली वस्तू. आत सोडता आला नाही.
शिवाय विहीर कोरडी करून पाहिलेली. तिथं आता बोल्ट निघाला तर सटवालाही धरतील.
चंचुपात्र धुऊन ठेवलं. सटवाला "नको" म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "काहून?" मी त्याच्या डोळ्यांत थेंब घातले.

१४ नोव्हें.
चार कलमं तशीच ठेवली. पुढची बदलली. डॉक्टरांना सांगितलं, तेही लेखी. त्यांनी औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या तेवढ्या मागून घेतल्या. दादा मला माफ करेल की नाही ठाऊक नाही. त्याचं एकुलतं एक खोटं मी मोडते आहे. कदाचित दोघंही आत जाऊ. अर्ज उद्या सकाळी स्वतः नेऊन देणार. पोच घेणार. दादाला परभणीला नेण्याआधी उत्तर हवं.

५. बोल्ट माझ्याकडे होता व आहे. भावाचं पत्र मला ७ ऑक्टोबरला, म्हणजे वेळेवर, मिळालं. मी गेले नाही, कारण बोल्ट मला द्यायचा नव्हता.
६. तो विहिरीत पडल्याचं भावानं सांगितलं, ते मला वाचवण्यासाठी. त्याचा दुसरा गुन्हा नाही.
७. बोल्ट कुणाच्या हाती द्यायचा आणि मी कुठं हजर व्हायचं, ते मंगळवार, ता. २३ नोव्हेंबरपर्यंत कळवावं, ही विनंती.