ताटाबाहेरचं कटलेट

झरी, जि. परभणी
११ मे २०२५

चि. सुगत यास ताईचे अ. आ. आणि सप्रेम जयभीम. वि. वि.

"व्हिएन्ना नावाच्या शहरात एवढं मोठं कटलेट मिळतं, की ते ताटाच्या बाहेर लोंबतं." बोरीच्या शाळेत सहावीच्या वर्गात, युरोपचा नकाशा खिळ्याला टांगून, अण्णांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. घरी वडील आणि शाळेत भूगोलाचे गुरुजी, म्हणून शंका विचारायची मला दुहेरी चोरी. पण मागच्या दत्तानं विचारलंच की लोंबलेला तुकडा कुत्र्यानं ओढून नेला तर काय करायचं. अण्णांनी त्याला उभं केलं. तुझा तेव्हा जन्मही व्हायचा होता.

तेच अण्णा आता त्याच व्हिएन्नात, तुझ्या घरात आहेत, याचं मला अजून नवल वाटतं. आपण दोघांनी त्यांना तिकडं का पाठवलं हे तू विसरू नकोस. आई गेल्याला दोन वर्षं झाली. बोरीच्या घरात एकटा माणूस बोलतो, हसतो, पेपर वाचतो, फक्त जेवत नाही. अर्धी भाकरी आणि नको. कमरेच्या पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवीन भोक पाडलंय, तेही माझ्यापासून लपवून. तुझ्याकडे राहून त्यांच्या अंगावर थोडं मांस यावं, एवढंच माझं मागणं आहे.

परभणी स्टेशनवर गाडीत बसताना त्यांनी एकच इच्छा बोलून दाखवली. ते कटलेट खरंच ताटाबाहेर असतं का, हे डोळ्यांनी बघायचंय म्हणाले. इतकी वर्षं पोरांना न बघता सांगितलं, ते मनाला लागून राहिलंय. आई गेल्यापासून खाण्याच्या गोष्टीत त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं, सुगत. चांगली जागा शोध आणि त्यांना पोटभर खाऊ घाल.

फोनवर हे बोलता येत नाही. तुझ्या दीड खोलीत अण्णा फोनच्या शेजारीच बसलेले असतात आणि मी श्वास घेतला तरी काय झालं म्हणून विचारतात. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. बारीक दिसलं तर मोठं करून वाच, पण त्यांना दाखवू नकोस.

तुझ्या दाजींचा तुला जयभीम. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई

•

व्हिएन्ना
१७ मे २०२५

ती. ताईस सुगतचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र न्हाणीघरात बसून वाचलं. दुसरी जागा नाही.

कटलेट कुठं खावं, हा प्रश्न मी आमच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत सहा जणांना विचारला. सहा जणांनी सहा जागा सांगितल्या, आणि उरलेल्या पाचांकडे जाऊ नकोस असंही सांगितलं. परभणीत चांगलं मटण कुठं मिळतं हे विचारल्यासारखंच झालं. एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. अस्सल कटलेट वासराच्याच मांसाचं असतं, हातोडीनं ठोकून पातळ केलेलं, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेलं. दुसऱ्या कशाचं असलं तर तसं पाटीवर लिहावं लागतं.

हे अण्णांना कसं सांगावं, यात माझे दोन दिवस गेले. शेवटी ट्राममध्ये सांगून टाकलं. अण्णा खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाले की माझ्या आजीच्या चुलीवर काय शिजत होतं ते तुला कुठं ठाऊक हाय, आणि पुढचा थांबा कोणता ते बघ.

मग त्यांना सगळ्यात नामांकित जागी नेलं. पांढरे टेबलक्लॉथ, काळ्या कोटातला वाढपी. अण्णांना काय हवं ते त्यानं मला विचारलं, मी अण्णांना. अण्णा म्हणाले, मला नको, पोट भरलंय, ह्याला द्या. मी तसं सांगितलं. वाढप्यानं मान लववली आणि त्यांच्यापुढचं कार्ड उचलून नेलं. कटलेट एकच आलं, माझ्यापुढं. आणि ताई, ते ताटात मावलं. चारी बाजूंनी जागा उरली होती. अण्णा त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. नंतर म्हणाले की बोरीला गेल्यावर शाळेत जाऊन पोरांना खरं सांगावं लागंल. त्या पोरांना आता नातवंडं झाली, हे मी सांगितलं, पण त्यांना पटलं नाही. ते कटलेट मी एकट्यानं खाल्लं. चांगलं होतं.

तेव्हापासून जेवण आणखी कमी झालंय. मी रोज विचारतो, ते नको म्हणतात. इथं माणसाच्या नकाराचा मान ठेवतात, मीही ठेवतो. मी आणखी काय करू, ते तूच सांग.

दाजींना जयभीम. माझ्यावर रागावू नये ही विनंती.

तुझा,
सुगत

•

झरी
१८ मे २०२५

चि. सुगत यास, आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, आधी ऐक.

तू माझ्या बापाला एकदा विचारलंस आणि त्यांच्या समोर बसून अख्खं कटलेट खाल्लंस. वर चांगलं होतं असंही लिहिलंस!

आई काय म्हणायची ते विसरलास का? पाव्हण्याचे पहिले दोन नको सोडून द्यायचे, खरा नको तिसरा. आपल्या घरी कोणी आलं की ती भाकरी हातात धरून उभीच राहायची. पाहुणा नको म्हणायचा, ती ऐकलंच नाही असं करायची. पुन्हा नको म्हणायचा, ती भाकरीवर ठेचा ठेवायची. तिसऱ्यांदा पाहुणा गप्प बसायचा आणि जेवायचा. अण्णांच्या पिढीला तर कोणी बोलावलं म्हणून लगेच ताटावर बसायचं नाही, हेच शिकवलेलं. खरंच बोलावलंय का वरवर, हे आधी पारखायचं. लहानपणी कुठंकुठं पारखावं लागलं असेल, ते त्यांनी आपल्याला कधी सांगितलं नाही. तू एकदा विचारून थांबतोस म्हणजे त्यांच्या लेखी तू विचारलंच नाहीस. दोन आठवडे तो माणूस सख्ख्या लेकाच्या घरी मानानं उपाशी आहे.

तिथल्या लोकांचं त्यांना लखलाभ. तू बोरीचा आहेस. तीनदा विचार. चौथ्यांदा विचारलंस तरी कोणी तुला तुरुंगात टाकणार नाही.

इकडं बोरीच्या स्टँडवर दत्ताचं चहाचं हॉटेल आहे ना, तिथं रोज चौकशी चालते की गुरुजींनी कटलेट खाल्लं का आणि ते कशाचं असतं. मी बटाट्याचं म्हणून सांगितलंय. तू आल्यावर तेच सांग.

आता अ. आ. घे. लग्न झालं असतं तर हे तुला तुझ्या बायकोनं शिकवलं असतं, मला एवढं लिहावं लागलं नसतं.

ताई

•

व्हिएन्ना
३० मे २०२५

ती. ताईस सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. प्रत्येक वेळी थोडा लहान झालो.

त्याच रात्री वरणाची वाटी घेऊन आईसारखा उभा राहिलो. पहिला नको आला, दुसरा आला. तिसऱ्यांदा अण्णांनी माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं आणि वाटी पुढं केली. दोन पोळ्या खाल्ल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसलो.

मग मला हुरूप चढला. दुसऱ्या हॉटेलात नेलं तेव्हा वाढप्याला आधीच बाजूला घेऊन सांगितलं की माझ्या वडिलांना तीनदा विचारा. त्याला वाटलं मी तक्रार करतोय. तो मालकाला घेऊन आला. मग दोघंही अण्णांसमोर उभे राहिले आणि श्वास न घेता, हजेरी घ्यावी तसं, एकच वाक्य तीनदा म्हणाले. अण्णा घाबरून पासपोर्ट काढायला लागले. तिथलं कटलेट ताटाएवढं होतं खरं, पण काठाला टेकलं म्हणजे लोंबलं असं होत नाही, असा निकाल अण्णांनी दिला आणि फक्त बटाटे खाल्ले.

खरी जागा अण्णांनीच शोधली. गेल्या आठवड्यात एका दुपारी फिरायला गेले ते घाईघाईनं परत आले आणि मला हाताला धरून गल्लीच्या टोकाला घेऊन गेले. एक जुनी खानावळ आहे. मी चार वर्षं तिच्यावरून रोज जातो, आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. अण्णा मागच्या खिडकीखाली उभे राहिले आणि मला ऐक म्हणाले. आतून थप थप थप असा आवाज येत होता. मांस ठोकत होते. अण्णा म्हणाले की आईचं पीठ भिजवून झालं की परातीत असाच आवाज यायचा, आणि तो वसरीपर्यंत यायचा. भाकरी थापायची, तशी. आपण इथंच जेवायचं, म्हणाले. ताई, दोन वर्षांत जेवायचं हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

मालकीण हेडविगबाई. सत्तरीच्या, आडव्या अंगाच्या, एप्रनला पिठाचे हात. त्या विचारत नाहीत, वाढतात. कटलेट आलं ते वासराचं, सोनेरी, फुगलेलं, आणि ताटाच्या दोन्ही अंगांनी बाहेर. अण्णांनी चार बोटं लावून बघितलं. माझ्याकडं असं बघितलं, जसं पोरगं बोर्डात आल्यावर बघायचे.

अर्धं खाऊन त्यांनी सवयीप्रमाणे हात आडवा केला. हेडविगबाई आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. अण्णा मराठीत नको म्हणाले, त्या जर्मनमध्ये काहीतरी बोलल्या. अण्णांनी मान हलवली, बाईंनी लिंबाची फोड उचलून स्वतः पिळली. तिसऱ्यांदा अण्णा काही बोललेच नाहीत. ताट स्वच्छ झालं. मग बाईंनी मला फैलावर घेतलं की म्हातारा एवढा वाळला कसा. आता आम्ही दर दोन दिवसांनी जातो. पट्ट्याचं नवीन भोक सुटलं.

खाली अण्णांना चार ओळी लिहायच्या आहेत. तुझी पत्रं त्यांनी वाचली आहेत. मी दाखवली नाहीत, फोन उघडा राहिला. माफ कर.

तुझा,
सुगत

चि. धम्मशीला, अनेक आशीर्वाद.
कटलेट ताटाबाहेर लोंबतं. दोन्हीकडं चार चार बोटं. मी पोरांना खोटं सांगितलं न्हाई. दत्ताला हे कळव. बटाट्याचं सांगितलंस ते बरं केलंस.
तुझी पत्रं वाचली. तुझ्या आईचं, सरजाचं, तीन नकोचं तू सुगतला चांगलं सुनावलंस. मला एवढंच लिहायचं की सरजा गेल्यावर तू मला झरीला राहायला या म्हणून दोनदा म्हणाली होतीस. मी दोन्ही वेळा नको म्हणलो. तिसऱ्यांदा तू इचारलंच न्हाईस. मी इथं बसून त्याचाच इचार करायलोय. तू भूगोलाच्या गुरुजीची पोरगी, असं अर्ध्या वाटेत कशी थांबलीस?
तब्येतीला जप. जावई नागनाथरावांना जयभीम.
आश्रुबा गुरुजी

•

झरी
८ जून २०२५

ती. अण्णांस धम्मशीलाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमच्या चार ओळी आल्या त्याला आठ दिवस झाले. उत्तर लिहायला बसते आणि उठून भांडी आवरते. सुगत एकटाच भांड्यांच्या आड लपतो असं नाही.

आधी गावाकडची खबर. दत्ताला तुमचा निरोप आणि सुगतनं पाठवलेला फोटो दाखवला. त्यानं तो हॉटेलातल्या सगळ्या गिऱ्हाइकांपुढं फिरवला. मग म्हणाला की गुरुजींनी मला त्या दिवशी उभं केलं होतं, बस म्हणालेच न्हाईत, आता तरी बसू का ते इचारा. त्याला काय सांगू ते कळवा.

इथंही कटलेट झालं. सुगतनं कृती सांगितली, यांनी मनावर घेतलं. कोंबडी आणली, चहाबरोबरचे टोस्ट कुटून चुरा केला, आणि हे वरवंटा घेऊन पाट्यावर असे बसले की शेजारच्या कस्तुराबाई धावत आल्या, घरात कोण कोणाला मारतंय ते बघायला. कटलेटचे सात तुकडे झाले. चव चांगली होती, पण ताटाबाहेर एकही गेला नाही. तुम्ही आल्यावर यांना थापायला शिकवा.

आता तुमच्या प्रश्नाचं. मी अर्ध्या वाटेत थांबले नव्हते, अण्णा. मला आईचा नियम पाठ होता, म्हणूनच थांबले. पहिले दोन नको सोडून द्यायचे, पण तिसरा खरा धरावा लागतो. दोनदा नको ऐकून मी बोरीहून परतले तेव्हा माझ्याजवळ एक शंका शिल्लक होती. अण्णा मानानं नको म्हणत असतील, मनात हो असेल, असं स्वतःला सांगत मी दोन वर्षं इथं तुमची पोळी लाटली नाही, पण जागा मोकळी ठेवली. तिसऱ्यांदा विचारलं असतं आणि तुम्ही नको म्हणाला असता, तर ती जागा आवरून ठेवावी लागली असती.

आणि तुम्ही नकोच म्हणाल, हे मला कळतं. बोरीत तुमचा सकाळचा पेपर आहे, दत्ताचा चहा आहे. आईची परात त्या घराच्या कोनाड्यात आहे. झरीत काय आहे? दोन खोल्या, माझ्या तपासायच्या वह्या, आणि वरवंटा घेतलेला जावई. तुमचा तिसरा नको आला तर मी रडणार नाही. रविवारी डबा घेऊन बोरीला येत जाईन आणि तुम्ही जेवेपर्यंत हेडविगबाईंसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहीन.

सुगतला अ. आ. हेडविगबाईंना माझा जयभीम सांगा, त्यांना काय कळायचं ते कळेल. माया कटलेटसारखी असू द्यावी, ताटाबाहेर.

तुमची,
धम्मशीला

ता. क. दोनदा विचारलं तेव्हा मी दारात उभी राहून, पायात चपला घालता घालता विचारलं होतं. आज बसून विचारते. अण्णा, व्हिएन्नाहून आलात की बोरीला न उतरता आमच्याकडे राहायला या. कायमचं.