नावेवरची लाह

पुणे, ४ ऑगस्ट २०२५

ती. ईश्वरदादास,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या नदीकाठावरचे फोन भिली बोली शिकतात आणि दवाखान्यात तिचं मराठी करून सांगतात, याचं आमच्या ऑफिसात फार कौतुक आहे. इतकं, की साहेबांना आता घराघरांतले आवाजच हवेत. आजवर आवाज ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहत. फोन जे शिकला तेवढंच तुझ्या नावेतल्या डब्यातून पुढच्या पाड्याला आणि रेंज मिळाली की इथल्या मोठ्या मशीनला जाई. काठावरच्या बायका जिचं ऐकतात त्या आपल्या रूपलीकाकीचा संमतीचा अंगठा आण म्हणतात, नाहीतर मशीन बंद आणि माझी नोकरीही. बायका दवाखान्यात पुन्हा मुक्या होतील, ही भीती वाटते. काय करू?

विडी कमी कर. लोभ असू दे, रागही चालेल.

तुझी यामिनी

मणिबेली, १५ ऑगस्ट

चि. यामिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र काकीला वाचून दाखवलं. ती भडकलीच. म्हणाली, लाहला येणारा आपला विळा घेऊन येतो, दुसऱ्याच्या शेतात राबतो, जेवतो आणि विळा घेऊन घरी जातो. शेत उचलून नेत नाही. फोन असे एकमेकांसाठी राबतात, म्हणून तर तिनं तो आपल्या घरात घेतला होता.

सगळ्यांच्या भल्यासाठी म्हणत आपलं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता बोली देणार नाही. आईचा आवाजही त्याच फोनमध्ये आहे, ती जायच्या आधीचा. तो पुण्याला येणार नाही, सांग साहेबांना. नोकरी गेली तर वल्हं मारायला शिकवतो. लहानपणी मारायचीस तसं नाव गोल फिरवू नकोस म्हणजे झालं.

तुझा दादा

पुणे, २ सप्टेंबर

ती. दादास, शि. सा. न.

अंगठा मिळणार नाही, असं तोंडावर सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी मशीन बंद केलं आणि मला घरी पाठवलं. पश्चात्ताप नाही, पण रडले खूप. नावेतल्या एकट्या डब्यावर फोन एकमेकांकडून शिकत राहतील का, मला खरंच ठाऊक नाही.

वल्हं तयार ठेव.

यामिनी

मणिबेली, १४ सप्टेंबर

चि. यामिनीस आशीर्वाद.

मशीन बंद झालं म्हणतेस, इथे कुणाला पत्ताही लागला नाही. परवा पलीकडच्या पाड्यावर दिवलीबाईच्या नातवाला तापात आकडी आली. घाबरून तिच्या तोंडून आकडीचा जुना शब्द निघाला, आपली आई वापरायची तो. दिवलीबाईच्या घरात तो शब्द फोनसमोर कधी कुणी बोललंच नव्हतं. तरी फोननं नर्सला बरोबर मराठीत सांगितलं. आईचा शब्द आपल्या घरून नावेतल्या डब्यातूनच तिकडे गेला होता, आवाज मात्र घरीच आहे. पोर आता खेळतंय.

लाहला राबलेल्याला जेवू घालावं लागतं. दिवलीबाईनं तुझ्यासाठी कोंबडं बांधून ठेवलंय. ये.

तुझा दादा