म्हैसूरची तिकिटं किती आधी काढावी

अण्णा, मुलगी विचारते आहे तिकिटं काढू का. म्हैसूरच्या दसऱ्याची, राजवाड्याच्या आवारातल्या खुर्च्यांची. उद्या सकाळी विक्री उघडणार, चहा होईतो संपणार. दसऱ्याला अजून बरेच दिवस आहेत, पण म्हणे तोपर्यंत थांबणाऱ्याला रस्त्यावर कुणाच्या तरी खांद्याआडून हत्तीचं शेपूट दिसतं. "अम्मा, इतकं जवळ असून तू एकदाही गेली नाहीस?" असं तिने विचारलं. तिला माझ्या आईची गोष्ट माहीत नाही. मी सांगितलेली नाही. ह्यांनाही कधी सांगितली नव्हती.

तुम्हाला तरी काय सांगायचं, तुम्ही तिथेच होता. चिकपेटच्या त्या बोळातलं आपलं दुकान, पुढे मशीन, मागे एक खोली, त्यातच चूल. दसरा म्हणजे शिंप्याच्या घरात सण नव्हे, कामाचा डोंगर. आई चुलीशी भात शिजवता शिजवता गुडघ्यावर ब्लाउज घेऊन हुक लावते आहे, मी धाग्याची टोकं कापते आहे, आणि तुमच्या पायाखाली मशीन एकसारखं चाललेलं आहे. बाहेरून कुणी म्हैसूरला निघालेलं माणूस घाईत येऊन म्हणतं, "अण्णा, आजच पाहिजे हं." आई आतून म्हणते, "त्यांना द्या आधी. हत्ती खोळंबलाय त्यांच्यासाठी." तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "पुढल्या वर्षी तुला नेतो." ती म्हणायची, "पुढल्या वर्षी तो हत्तीच मला बघायला येईल. तोही कंटाळला असेल वाट बघून." मग दोघंही हसायचात. दर वर्षी तेच बोलणं, आणि दर वर्षी शेवटी तुमचं तेच, "नंतर बघू."

मग ते वर्ष आलं. म्हैसूरला कचेरीत असणाऱ्या एका गिऱ्हाइकाला तुम्ही आषाढातच सांगून ठेवलंत, आणि त्याने दोन पास आणून दिले. तुम्ही त्याच दिवशी बसचीही तिकिटं काढलीत. कामाची ऑर्डर आली की आपलाच शब्द आपण मोडू, याची तुम्हाला भीती होती. म्हणून तुम्ही प्रस्थान ठेवलंत. रुमालात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं आणि चांगली वेळ बघून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं; निघायच्या दिवशी तिथून उचलून पुढे जायचं. एकदा ठेवलं की माणूस निघाला असं धरायचं, मागे फिरायचं नाही. पण ते निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी ठेवतात, अण्णा. तुम्ही आषाढात ठेवलंत. शेजारच्या अक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अय्यो, आत्ताच? स्वल्प थांबा की हो. माझ्या घरात तुमची सुपारी किडून जाईल." आई दारात उभी राहून लाजली होती. तिच्या चेहऱ्यावर तसं काही मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने विचारलं, खुर्च्यांवर बसायचं म्हणजे कुठलं लुगडं नेसू, आणि तुम्ही म्हणालात, सगळ्या म्हैसूरला दिसेल असं.

गौरी गेल्या आणि आईला ताप आला. पितृपक्षाच्या सुरुवातीलाच ती गेली. दहावा-तेरावा झाल्यावर शेजारच्या अक्का दारात आल्या, आत आल्या नाहीत. रुमालाचं काय करू, असं त्यांनी फार हळू विचारलं. तुम्ही मशीनवर बसला होता, सुईत दोरा ओवत होता. म्हणालात, "राहू दे तिथंच. ती तिथूनच निघाली." दसऱ्याच्या दिवशी तुम्ही दिवसभर काम केलंत. मी हुक लावले. गिऱ्हाइकं कमी नव्हती.

त्यानंतर तुम्ही कशाचंच आगाऊ तिकीट काढलं नाही. गावाला जायचं असेल तर स्टँडवर जायचं, मिळेल त्या बसमध्ये उभं राहायचं. मला तेच वळण लागलं. ठरवून ठेवलं की कुणाचा तरी कान तिकडे जातो, असं मला वाटायचं. मराठी वाचायलाही मी अशीच शिकले, काही न ठरवता. शाळा कन्नड होती. पण तुमचे ब्लाउजचे कागदी नमुने जुन्या मराठी वर्तमानपत्रांतून कापलेले असायचे, आणि मी बाहीच्या आकाराची बातमी वाचत बसायचे. निम्मं वाक्य कात्रीने गेलेलं. उरलेलं मी मनाने पुरं करायचे. पुढे अख्खी पुस्तकं हातात आली तेव्हा सगळी वाक्यं शेवटपर्यंत आहेत याचंच मला नवल वाटलं.

आणि तुम्ही मला माणूस दिलात तो असा. इथल्याच शिवाजीनगरात मोटारी दुरुस्त करायचे, पण खरा जीव तिकिटात. लग्नाला अजून अवकाश होता आणि हे तुमच्यासमोर बसून सांगतात की हंपीची तिकिटं काढून झाली. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "इतक्या आधी?" हे म्हणाले, "अण्णा, तिकीट हातात असलं की माणूस जातोच." तुम्ही म्हणालात, "जातो खरा. कुठे, ते तिकिटावर छापलेलं नसतं." मी आत दचकले. ह्यांना काय कळणार? ते हसून म्हणाले, "मग परतीचंही काढतो." तेव्हा तुम्हीही हसलात. आई गेल्यावर तुम्ही इतकं मोठ्याने हसलेलं मला तेवढंच आठवतं.

ह्यांच्यामुळे मी पुष्कळ पाहिलं. ताजमहाल पाहिला, अजिंठा पाहिला, समुद्रातला तुरुंग पाहिला. पूर्वी हे खिडकीपुढे पहाटेपासून उभे राहायचे. मग फोन आले, तर दोन फोन पुढ्यात घेऊन बसायचे आणि मला तिसरा द्यायचे. "तू नुसतं बोट टेकवून बस. मी म्हटलं की दाब." मी दाबायचे, ते ओरडायचे, "मिळालं!" जणू जत्रेत हरवलेलं पोर सापडलं. एकीकडून परतलो की पुढचं काढलेलंच असायचं. म्हैसूर तेवढं नको, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. पुन्हा नावही काढलं नाही.

शेवटच्या वर्षी मी विचारलं, यंदा कुठे? ते म्हणाले, "नंतर बघू." अण्णा, ते ऐकून मला बरं वाटलं. त्यात मला तुमचं दुकान ऐकू आलं, मशीन ऐकू आलं. मी म्हटलं, चला, आता आमच्या घरातले झाले हे. ते गेल्यावर मुलगी त्यांच्या फोनमध्ये बघत होती, काही काढून ठेवलेलं असेल तर रद्द करावं म्हणून. बराच वेळ बघून म्हणाली, "अम्मा, काहीच नाही." इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढचं काहीच नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना काय सांगितलं होतं ते मला तेव्हा समजलं. ज्या माणसाने आयुष्यभर पुढची तारीख धरून ठेवली त्याने ती मुद्दाम धरली नव्हती, दोनांतलं एकच तिकीट वापरायची वेळ नंतर माझ्यावर येऊ नये म्हणून. सांगितलं मात्र नाही. मी शेजारी बसून रोज भाजी निवडत होते.

तेव्हा मला सांगा, किती आधी काढावं? तुम्ही उशीर केलात तर आई बसून राहिली. लवकर केलंत तरी ती गेली. ह्यांनी वेळेवर केलं, आणि ज्या दिवशी थांबले त्या दिवसाने मला अजून सोडलेलं नाही. मुलीचा इंदिरानगरच्या ऑफिसातून आत्ताच फोन येऊन गेला. "अम्मा, हो की नाही ते सांग. मला मीटिंग आहे." माझ्या तोंडात तेच आलं, नंतर बघू. 'नं' म्हणाले आणि थांबले. तुमचा आवाज होता की ह्यांचा, कळलं नाही. तिकडून ती म्हणाली, "अम्मा, रडतेस काय?" मी म्हटलं, नाही, कांदा चिरतेय. "या वेळेला कांदा?" मी म्हटलं, काढ. "सरी, काढते. नक्की ना? मग रद्द करायला लावू नकोस हं." मी म्हटलं, नक्की.

हे पत्र कुणाच्या पत्त्यावर घालायचं? चिकपेटच्या त्या दुकानात आता दुसऱ्याचीच कापडं टांगलेली असतात. मुलीला जे बोलले नाही ते तुम्हाला सांगते. दसऱ्याआधी मला काही होईल याची भीती वाटत नाही. काही होणार नाही, मी तिथे खुर्चीवर बसलेली असेन, समोरून अंबारी येईल आणि मला आनंद होईल, याची वाटते. कारण मला हत्ती बघायचा आहे, अण्णा. लहानपणापासून बघायचा आहे.