गुरुवारचा रस्ता

रविवार, डोंबिवली

देवळाच्या सभागृहात आज व्यसनमुक्तीचं व्याख्यान. वक्ता तिशीतला, हीलिंगचा कोर्स केलेला. सरबतापलीकडे काही प्यायलेला नसावा. "रोज आरशात बघून म्हणा, मी मुक्त आहे." आरशात म्हणे! पिणाऱ्याला सकाळी आरशात काय दिसतं, ते याला कुठून कळणार?

अकरा दिवसांपूर्वी दारू सोडलेल्या शेलारने विचारलं, "सर, शुक्रवारी कंपनीला सुट्टी. गुरुवारी घरी जाताना वाटेत बार लागतो. जायचं कसं?"

"पॉझिटिव्ह राहून!" वर टाळ्या. शेलार मान खाली घालून बसला.

उत्तर मला येत होतं. पण मी भजनी मंडळाचा बुवा. एके काळी मीही प्यायचो, हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. गप्प बसलो.

बाहेर चपला घालताना शेलारला गाठलं. "मागच्या गल्लीने जा. आणि निघण्याआधी पोटभर खा, उपाशी माणसाचे पाय तिकडे वळतात. नऊ वर्षं मी तेच करतोय."

"बुवा, तुम्ही पण?"

"मी पण."

त्या वक्त्याला दिवसभर हसतोय. तो निदान माहीत नसताना बोलला. मला माहीत होतं, आणि सभागृहात बसलेल्या शेलारसारख्या आणखी सात-आठ जणांना मी तसंच घरी जाऊ दिलं.