तुझी सौना आणि आमचं दार

प्रिय हेल्वीताई,

धाकट्या तौनोचा नमस्कार. गुडघा कसा आहे? जुनी सौना जळाल्यापासून तू शेजारच्या कैसूकडे वाफ घ्यायला जातेस आणि ती दर वेळी ऐकवते, असं कळलं. ऐकून घे. मध्य-उन्हाळ्याच्या सणाला तू स्वतःच्या सौनेत बसशील, हा माझा शब्द आहे. सण आठ दिवसांवर आलाय, म्हणून जे झालं ते कळवतो.

आमच्या धंदेशिक्षणाच्या शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या, मार्केत्ताबाई. त्यांनी ठरवलं, की एकट्याने हुकूम सोडायचे नाहीत. सुतारकाम, वीज, स्वयंपाक, माझं लोहारकाम, सगळ्यांनी मिळून शाळेच्या कार्यशाळेतच तुझी ओंडक्यांची सौना बांधायची आणि दर आठवड्याला प्रमुख बदलायचा. एकतीस वर्षं साहेबांचा ओरडा खाल्लेला मी मनात म्हटलं, झाला बट्ट्याबोळ. पण काय सांगू, पोरंपोरी एकमेकांच्या हाताखाली अशी राबली, की ओंडक्यांच्या फटीत नख जात नाही.

काल स्वयंपाकाच्या राइलीबाई गोड पाव घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझी पावाची गाडी या दारातून तिरकी काढावी लागते. ही सौना कुठून नेणार?" (मागचं मोठं दार थंडीपायी दोन वर्षांपूर्वीच बुजवलंय.) सगळ्यांनी कॉफीच्या कपात तोंड घातलं. ताई, महिनाभर प्रत्येकाला ते दिसत होतं. सुतारमास्तरांनी तर गुपचूप मोजूनही पाहिलं होतं. पण दुसऱ्याच्या कामात नाक कसं खुपसायचं? प्रमुखाला ठाऊक असेलच, असं धरून सगळे गप्प.

जुन्या साहेबांनी आधी गुन्हेगार शोधला असता. बाईंनी खडू घेतला, वरच्या ओंडक्यावर 'एक' असा क्रमांक घातला आणि म्हणाल्या, "चला, एकेक ओंडका सुटा करायला घेऊ. तौनो, छप्पर तुमच्याकडे." संध्याकाळपर्यंत त्या स्वतः ओंडके वाहत होत्या. अशी वरिष्ठ मी जन्मात पाहिली नाही. गुरुवारी आम्ही सगळे तुझ्या अंगणात सौना पुन्हा उभी करायला येतोय.

तुझा,
तौनो

ता. क. दार मोजायचं काम पहिल्या आठवड्याच्या प्रमुखाचं होतं. तो मी. बाईंना हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच त्यांनी कुणाचा आठवडा ते विचारलं नाही.

आणखी एक. सौनेची लोखंडी भट्टी मी अखंड जोडली आहे, ती सुटी होत नाही. तुझ्या फाटकाची रुंदी मोजून लगेच कळव. या वेळी विचारतोय.